हत्ती कोणी पाहिला?

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी पावसाळा सरता सरता मराठी वाङ्मय मंडळाचे उद्घाटन होते. त्याचा क्रम आता शिपायालाही पाठ आहे: टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर सरस्वतीची तसबीर, समोर समई, तबकात हळदकुंकू आणि हार, आणि ऐन वेळी कधीही न सापडणारी काडेपेटी. गेल्या वर्षी सूत्रसंचालनासाठी निवडलेली बी. ए. अंतिम वर्षाची विद्यार्थिनी आदल्या दिवशी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, सगळं करते मी. फक्त देवी सरस्वतीच्या पूजनाचं ते वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालेल का?"

कारण तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आपल्याकडे कारण आडनावावरून ओळखायची रीत आहे. आम्हीही तसेच ओळखले, आणि पुढे कळले की चुकीचे ओळखले. तिच्या घरी गजानन महाराजांच्या पोथीचे पारायण होते, आई वर्षातून एकदा तरी शेगावला जाऊन येते. मुलीला मात्र देव आहे असे वाटत नाही, एवढेच. पण हे नंतरचे. त्या दिवशी आमच्यापैकी एकाने, म्हणजे खरे तर तिघांनीही, वडीलधाऱ्या सुरात तिला सांगितले, "अगं, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. सरस्वती म्हणजे विद्या. त्यात एवढं काय?" ती "बरं सर" म्हणाली. दुसऱ्या दिवशी व्यवस्थित सूत्रसंचालन केले. आम्हाला हायसे वाटले.

प्रस्तुत लेख त्या "सगळे धर्म एकच सांगतात" या वाक्याविरुद्ध आहे, आणि ते वाक्य आमचेच असल्यामुळे तो आमच्याविरुद्धही आहे. आम्ही तिघे गेली पंधरा-वीस वर्षे मराठी शिकवतो. एकाच्या घरी दहा दिवसांचा गणपती बसतो. दुसऱ्याची आजी १९५६ साली दीक्षाभूमीच्या मैदानावर पांढरे लुगडे नेसून उभी होती. तिसऱ्याच्या घरी देवघर आहे, पण त्यात विजेची बिले ठेवतात. देव आहे की नाही यावर आमचे एकमत नाही आणि ते व्हावे असा आग्रहही नाही. मात्र हे वाक्य खोटे आहे, आणि शिक्षकाने ते विद्यार्थ्याच्या तोंडावर फेकणे ही आळशीपणाची परमावधी आहे, यावर तिघांचे एकमत झाले आहे.

मराठीच्या वर्तुळात हा प्रश्न नवा नाही. १४ जानेवारी २०२१ रोजी, विदर्भ साहित्य संघाच्या वर्धापनदिनी, 'उत्थानगुंफा'चे कवी डॉ. यशवंत मनोहर यांना संघाचा 'जीवनव्रती' पुरस्कार दिला जायचा होता. व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असणार हे कळल्यावर त्यांनी तो नाकारला. ज्या व्यवस्थेने स्त्रियांना आणि शूद्रांना शिक्षणापासून दूर ठेवले तिचे हे प्रतीक आहे, अशी त्यांची भूमिका होती. साहित्याच्या मंचावर सावित्रीबाई फुले किंवा भारताचे संविधान का नको, असा त्यांचा सवाल होता. दुसऱ्या बाजूने परंपरेचा दाखला दिला गेला. चार दिवस वृत्तपत्रांत मजकूर आला आणि मग सर्व काही पूर्ववत झाले. आमच्या स्टाफरूममध्येही तेव्हा चर्चा झाली होती. बहुतेकांचे म्हणणे असे पडले की सरांनी ताणले. सरस्वती ही काही धार्मिक गोष्ट नाही, ती सांस्कृतिक गोष्ट आहे.

या 'सांस्कृतिक' शब्दाकडे जरा नीट पाहायला हवे. ज्या मूर्तीपुढे हळदकुंकू वाहतात, जिला हार घालतात, जिच्यापुढे पादत्राणे काढून हात जोडतात, तिला आपण पूजनाच्या वेळी देवी म्हणतो आणि कोणी हरकत घेतली की प्रतीक म्हणतो. श्रद्धाळू माणसाला यात अधिक अपमान वाटायला हवा. त्याची देवता हरकतीच्या प्रसंगी लगेच रूपक होते, हे त्याने का सोसावे? अर्थात मनोहरांच्या युक्तिवादालाही एक पुरवणी जोडायला हवी. सरस्वती ही केवळ वैदिकांची नव्हे. मथुरेच्या कंकाली टीला येथे सापडलेली जैन सरस्वती ही तिच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या मूर्तींपैकी एक आहे, आणि ज्या जैनांनी ती घडवली ते जगाचा कर्ता असा कोणी ईश्वर मानत नाहीत. पुढे बौद्धांबरोबर हीच देवता जपानपर्यंत गेली आणि तिथे बेन्झाइतेन झाली. तेव्हा 'सरस्वती म्हणजे अमुक' असे ठामपणे सांगणे दोन्ही बाजूंना अवघड आहे. पण मनोहरांनी निदान ती कोणाची आणि कशाची, हा प्रश्न विचारला. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी आणि आम्ही तो प्रश्नच विचारू दिला नाही.

आता 'सगळे धर्म एकच सांगतात' याकडे वळू. हे वाक्य कोणत्याही शहरात खोटे ठरेल, पण नागपुरात ते विशेष हास्यास्पद आहे. हे शहर अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदशहाने; तो औरंगजेबाच्या काळी मुसलमान झालेला. पुढे ते भोसल्यांकडे आले. भोसल्यांच्याच घराण्यातील राजे रघुजीरावांनी वेड्यांच्या इस्पितळातल्या ताजुद्दीनबाबांना सन्मानाने आपल्याकडे आणले. आज ताजबागेत त्यांच्या दर्ग्यावर चादर चढवायला सर्व जातिधर्मांची माणसे जातात. सेमिनरी हिल्स या टेकडीला नाव मिळाले ते ख्रिस्ती धर्मगुरू तयार करणाऱ्या विद्यालयावरून. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून चालू आहे. आमचे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टेशनजवळच्या टेकडीच्या गणपतीला जातात, आणि त्यांतले काही संध्याकाळी ताजबागेतही, कारण निकालाच्या बाबतीत धोका कशाला पत्करा. आणि या सर्वांच्या मध्यावर दीक्षाभूमी आहे.

ही स्थळे एकच सांगतात काय? एक सांगते की ईश्वर एकच आहे आणि त्याच्या बरोबरीला कोणाला बसवणे हा सर्वांत मोठा अपराध आहे. दुसरे सांगते की तोच ईश्वर माणूस होऊन आला आणि क्रुसावर मेला; हे पहिल्याला मुळातच मान्य नाही. तिसऱ्याला तो चराचरात दिसतो, दगडातही आणि शेगावच्या संतातही. चौथे म्हणते, या प्रश्नाची गरजच नाही. दुःख आहे आणि त्याचे कारण आहे, ते पाहा. या चौघांत सामाईक काय, असे विचारले तर उत्तर येते: चांगले वागा. ठीक. पण 'खोटे बोलू नका' हे सांगायला धर्म लागत नाही, ते पोलीस ठाण्याच्या भिंतीवरही लिहिलेले असते. धर्मांमधून धर्म काढून टाकला म्हणजे ते एकसारखे दिसतात, यात नवल ते काय?

आमच्या विद्यापीठाला २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. देशोदेशी आणि वेशावेशात एकच ईश्वर पाहणारे त्यांचे हिंदी भजन विदर्भातल्या खेड्याखेड्यांत म्हटले जाते. आमच्यापैकी एकाला अजूनही ते ऐकताना भरून येते. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेतून जातीपातीत विभागलेले गाव एका सतरंजीवर बसवले. हे काम मोठे होते, आणि आमच्यासारख्या पगारी प्राध्यापकांनी त्यावर नाक मुरडू नये. पण सतरंजी एक असणे आणि सिद्धान्त एक असणे या दोन गोष्टी आहेत. 'समभाव' या शब्दाचा अर्थच मुळी आपल्या बाजूचा आहे: निरनिराळ्या गोष्टींकडे पाहण्याची आपली वृत्ती सारखी असावी. त्या गोष्टी सारख्या आहेत असे तो शब्द सांगत नाही. उलट, त्या सारख्याच असत्या तर समभावाची गरजच पडली नसती. व्याकरण शिकवणाऱ्यांच्या हे लक्षात यायला हवे होते.

याचा परिणाम कसा होतो पाहा. सर्वधर्म प्रार्थनेत गीतेतले श्लोक, बायबलातली प्रार्थना, कुराणातली आयत आणि त्रिशरण एकापाठोपाठ एक म्हणतात. पहिल्या तिन्हींत कोणीतरी ऐकणारा गृहीत आहे. त्रिशरणात ऐकणारा कोणीच नाही. तिथे माणूस बुद्धाकडे, धम्माकडे आणि संघाकडे आपणहून जाण्याचा निश्चय बोलून दाखवतो. वरून कोणी येऊन वाचवावे असे मागत नाही. ते प्रार्थनेच्या रांगेत उभे केले की त्याचाही अर्थ प्रार्थना होतो, आणि त्या रांगेत उभे असलेल्यांना ते कळतही नाही.

या मताच्या समर्थनार्थ हमखास सांगितली जाते ती हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट. मराठीच्या विद्यार्थ्याला ती महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'तून परिचित असते. एकाच्या हाती पाय लागतो, दुसऱ्याच्या सोंड, तिसऱ्याच्या कान. प्रत्येक जण आपल्या हाती आला तोच हत्ती म्हणून भांडतो. तात्पर्य: प्रत्येक धर्माला सत्याचा एक अवयव सापडला आहे, भांडू नका. वर्गात आम्हीही हेच तात्पर्य सांगत आलो. पण ही गोष्ट ज्या ज्या ग्रंथांत आहे तिथे ती कशासाठी आली आहे हे पाहिले, तर तात्पर्य भलतेच निघते.

पाली 'उदाना'त ही गोष्ट येते ती श्रावस्तीत आपापसांत भांडणाऱ्या नाना पंथांच्या परिव्राजकांसंबंधी. तिथला राजा जन्मांधांना गोळा करतो, त्यांना हत्ती 'दाखवतो' आणि त्यांची मारामारी पाहून त्याची करमणूक होते. सगळ्यांचे थोडे थोडे बरोबर आहे, असा तिथला सूर नाही. न पाहिलेल्या गोष्टीवरून डोकी फोडणाऱ्यांची ती थट्टा आहे. जैनांनी तीच गोष्ट अनेकान्तवादासाठी वापरली. पण सर्व नयांचा मेळ घालणारे पूर्ण ज्ञान केवलीला असते, हेही ते सांगतातच. आणि महानुभाव? ज्या पंथाने देवता आणि परमेश्वर यांच्यात काटेकोर भेद केला, देवतांच्या उपासनेने मोक्ष मिळत नाही असे निक्षून सांगितले, तो पंथ 'सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात' हे सुचवायला दृष्टान्त कशाला देईल?

खरी गोम पुढेच आहे. हत्तीचा पाय हा खांब नसून पाय आहे, हे कोण सांगतो? ज्याला अख्खा हत्ती दिसतो तो. गोष्टीत आंधळे कितीही असले तरी एक डोळस लागतोच, नाहीतर गोष्टच सांगता येत नाही. 'सर्व धर्म एकाच सत्याचे अंश आहेत' असे म्हणणारा वरवर नम्र दिसतो. प्रत्यक्षात तो मुल्ला, पाद्री, भिक्खू आणि वारकरी या सर्वांना आंधळे ठरवून स्वतः डोळसाच्या जागी बसतो. त्या मुलीपुढे आम्ही तसेच बसलो होतो. आणि मग सर्वांत साधा प्रश्न उरतो, जो ती कदाचित विचारत होती: हत्ती होता, हे तरी कशावरून? दहा आंधळ्यांनी दहा वस्तू चाचपल्या असतील. एकाच्या हाती खरोखरच खांब असेल, दुसऱ्याच्या हाती दोर. काहींच्या हातात काहीच नसेल, फक्त शेजारचा इतक्या खात्रीने बोलतो आहे म्हणून आपल्याही हाताला काही लागले असे त्यांना वाटले असेल.

धर्मांच्या विविधतेतून संशय निर्माण होतो तो असा. मोमिनपुऱ्यात जन्मलेल्या बहुतेकांना अल्ला खरा वाटतो, महालात जन्मलेल्यांना राम, इंदोऱ्यात जन्मलेल्यांना यातले काहीच नाही; आणि ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून ऑटोरिक्षाच्या अंतरावर आहेत. प्रत्येक जण आपली खात्री 'आतून' आल्याचे सांगतो. आतून येणाऱ्या गोष्टीला मोहल्ल्याचा पत्ता इतका नेमका कसा ठाऊक? यावर एक योग्य आक्षेप घेतला जातो. श्रद्धेचा उगम सांगितला म्हणजे ती खोटी ठरत नाही. आमचा संशयसुद्धा कुठल्या तरी ग्रंथालयात आणि कुठल्या तरी प्राध्यापकाच्या संगतीत उपजला आहे. मान्य. जन्मस्थानावरून देव नाही असे सिद्ध होत नाही. पण 'मला जाणवते' हा पुरावा मात्र त्यामुळे कामातून जातो, कारण तो सर्वांकडे सारख्याच प्रतीचा आहे आणि परस्परविरुद्ध गोष्टी सिद्ध करतो.

आणि हा संशय पाश्चात्त्यांकडून आला, हे आता कोणी म्हणू नये. 'नास्तिक' या शब्दाचाच प्रवास पाहा. पाणिनीच्या सूत्रावरील काशिकेत परलोक न मानणारा तो नास्तिक. मनुस्मृतीत वेदाची निंदा करणारा नास्तिक. आज आपण देव न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतो. मीमांसकांनी वेद शिरोधार्य मानले आणि सृष्टी निर्माण करणारा ईश्वर मात्र नाकारला. कुमारिलाने श्लोकवार्तिकात त्याविरुद्ध जे युक्तिवाद केले ते आजच्या कुठल्याही वादसभेत उभे राहतील. म्हणजे मनूच्या व्याख्येने कुमारिल पक्का आस्तिक आणि आपल्या व्याख्येने नास्तिक. उदयनाचार्यांना ईश्वर सिद्ध करण्यासाठी 'न्यायकुसुमांजली' लिहावी लागली ती कुठल्या विलायती माणसासाठी नव्हे. इथेच न मानणारे पुष्कळ आणि तगडे होते म्हणून. मराठीत आगरकरांनी 'सुधारका'तून देवतांच्या उत्पत्तीची मीमांसा केली; पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची 'हिंदुधर्माची समीक्षा' १९४१ साली पुस्तकरूपाने आली. ती व्याख्याने दिली गेली होती आमच्याच नागपूर विद्यापीठात. वाईच्या पाठशाळेतल्या एका शास्त्र्याला बोलावून त्याच्याकडून धर्माची चिकित्सा ऐकावी, असे त्या काळच्या विद्यापीठाला वाटले. आज असा विषय जाहीर करायचा तर आधी प्राचार्य, मग संस्थेचे सचिव आणि मग पोलीस निरीक्षक, अशी परवानगीची उतरंड लागेल. दाभोलकरांच्या समितीने देवाधर्माच्या प्रश्नावर तटस्थ राहण्याची भूमिका घेतली होती, ती घोषित करूनही २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तेव्हा हा सारा वाद चहाच्या टेबलावरचा आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पण आम्हाला अधिक अस्वस्थ करते ती दुसरीच दोन घरे. एक घर कल्पनेतले. जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका'त ते आहे. एकाच कुटुंबात पत्नी बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, पती बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत याहून धाडसी कौटुंबिक चित्र आम्हाला तरी ठाऊक नाही. त्यात धर्म जन्माने येत नाही, वाचनाने येतो. आणि स्त्रिया स्वतः वाचून ठरवतात. दुसरे घर प्रत्यक्षातले. नारायण वामन टिळक नागपूरला आले ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना बायबल दिले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. फुल्यांचे पुस्तक निघून चारच वर्षे झाली होती. घर मोडले. लक्ष्मीबाईंचे त्या काळातले हाल 'स्मृतिचित्रे'त वाचताना वर्गात हसणारी मुले अचानक गप्प होतात. पुढे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही धर्म बदलला, पण तो पतीच्या प्रवचनांनी नव्हे. वडिलांच्या सोवळ्यात होरपळलेली ती बाई शिवाशिवीचा विचार करता करता आपल्या वाटेने तिथे पोचली. दोघांच्या मधल्या त्या पाच वर्षांत 'सगळे धर्म एकच सांगतात' असे टिळकांनी म्हटले असते तर लक्ष्मीबाईंनी त्यांना काय ऐकवले असते, याची कल्पना 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांनी करावी.

फुल्यांच्या घराबद्दल मात्र एक शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. त्या घरातला सलोखा शेवटी कशावर उभा आहे? सर्व जण एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, यावर. पण बौद्ध झालेल्या पत्नीला निर्मिक लागतच नाही! तिने बौद्ध ग्रंथ नीट वाचले तर ती नवऱ्याला आणि मुलांना म्हणेल, तुमच्यावर माझी माया आहे, पण त्यासाठी मला तो मधला निर्मिक नको. आणि एखादी धाकटी मुलगी चारही पुस्तके वाचून चारही मिटून ठेवील, तिला त्या घरात कुठे बसवायचे? जोतीरावांनी त्या मुलीची कल्पना केली नाही. त्यांना दोष देण्यासाठी हे म्हणत नाही. त्यांनी चार माणसांना एका घरात बसवले, आम्हाला तेही जमलेले नाही. पण आमच्या स्टाफरूमच्या दाराशी उभी होती ती हीच पाचवी मुलगी. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे २८ लाख ६७ हजार माणसांच्या धर्माची नोंद 'धर्म सांगितला नाही' अशी झाली. स्वतःला नास्तिक म्हणून नोंदवणारी माणसे उणीपुरी ३३ हजार. तिची नोंद मात्र आईवडिलांच्या रकान्यातच झाली असणार. तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती.

इथवर वाचून आमचे काही निरीश्वरवादी मित्र खूश झाले असतील. त्यांच्याशीही थोडे भांडण आहे. 'सगळे धर्म सारखेच सत्य' या वाक्याचे जुळे भावंड म्हणजे 'सगळे धर्म सारखेच थोतांड'. ते म्हणायलाही काही वाचावे लागत नाही. गोंडांचा पेरसापेन, जैनांचे तीर्थंकर, ज्यूंचा यहोवा आणि अद्वैत्यांचे निर्गुण ब्रह्म या एकाच जातीच्या वस्तू नाहीत. एकीला लावलेला युक्तिवाद दुसरीला लागू पडेलच असे नाही. कोणता देव तुम्ही मानत नाही, हे सांगितल्याशिवाय 'मी देव मानत नाही' याला फारसा अर्थ येत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नेमके हे केले. १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यापासून एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासले. अनेक धर्मांचे लोक आपापल्या धर्माचे आमंत्रण घेऊन आले. सगळे धर्म एकच सांगतात असे त्यांना वाटले असते तर एकवीस दिवससुद्धा लागले नसते. नागपूरच्या मैदानावर त्यांनी लोकांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांत 'देव नाही' असे मोघम विधान नाही. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती अशी नावे घेऊन एकेकाला देव मानण्याचे नाकारले आहे; आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार, या समन्वयाच्या सर्वांत गोड थापेला स्वतंत्र प्रतिज्ञा दिली आहे. 'सगळे एकच' म्हणणारी परंपरा विरोधकाला कशी पोटात घेते हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९५७ साली, त्यांच्या पश्चात निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा आवश्यक भाग नसल्याचे विवेचन आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. इतकी माणसे धर्मात आहेत आणि त्यांच्या धर्माला ईश्वर लागत नाही. तरीही मराठीचे प्राध्यापक धर्म म्हणजे देव, आणि देव म्हणजे एकच, असे बिनदिक्कत शिकवतात. (विहारातही आता नवस बोलले जातात, असे आमचे आजीवाले मित्र खिन्नपणे सांगतात. तो त्यांचा स्वतंत्र लेख होईल.)

मग संतवाङ्मय कसे शिकवायचे? हा आमचा नित्याचा प्रश्न आहे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले होते, "देव नसेल तर हे अभंग खोटे का?" आम्ही तेव्हाही समन्वयाची मात्रा उगाळली: विठ्ठल म्हणजे समता, विठ्ठल म्हणजे माउली, विठ्ठल म्हणजे अमुक. पण तुकोबांना रूपक भेटायचे नव्हते. त्यांना कटीवर हात ठेवून उभा असलेला तोच हवा होता, आणि तो भेटेना तेव्हा आपल्यापुरता देव मेला असे म्हणण्याइतका त्यांचा राग खरा होता. त्या रागाला 'सगळे एकच' या मताने काहीच स्पष्टीकरण मिळत नाही. देव न मानणारा विद्यार्थी निदान म्हणेल की हा माणूस रिकाम्या जागेशी भांडतो आहे, आणि ते वाचवत नाही. मानणारा म्हणेल की ती जागा रिकामी नाही. या दोघांना वर्गात समोरासमोर बोलू द्यावे. अभंग दोघांनाही पुरून उरेल. गोष्ट कठीण होते ती तिसऱ्यामुळे, जो मधे उठून दोघांचे एकच आहे असे सांगतो आणि तास संपवतो. तो तिसरा बहुधा पगार घेत असतो.

राहिला नियमाचा भाग. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माच्या आधी सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेत सहभागी व्हायला भाग पाडता येत नाही. त्या मुलीला आम्ही भाग पाडले नव्हते, असे कोणी म्हणेल. अंतर्गत गुण ज्यांच्या हाती असतात त्यांनी "एवढं काय त्यात" म्हणणे याला दुसरे काय म्हणायचे, ते आम्हाला सुचत नाही.

यंदा मंडळाच्या बैठकीत आम्ही लेखी प्रस्ताव दिला: तसबीर, समई, पूजन काही नको, उद्घाटन एखाद्या पुस्तकातले पान वाचून व्हावे, आणि कोणते पान ते विद्यार्थ्यांनी ठरवावे. बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "ठेवा की दोन्ही, शेवटी सगळं एकच." निर्णय पुढे ढकलला आहे.

ती विद्यार्थिनी आता एम. ए. करते आहे. मागच्या महिन्यात ग्रंथालयात भेटली तेव्हा आम्ही तिची क्षमा मागितली. ती संकोचली. मग म्हणाली, "सर, मी ते वाक्य म्हटलं, पण 'देवी' आणि 'पूजन' गाळून. 'आता मान्यवर दीप लावतील' एवढंच म्हटलं होतं. तुम्ही तिघंही पहिल्या रांगेत होतात."